भाच्याच्या फटफटीवरून

आमच्या लष्करात एक प्रश्न मला अजूनही अधूनमधून विचारला जातो. शिकवणीसाठी जिवाजीगंजातून जाताना एखादे वृद्ध गृहस्थ ओट्यावरून हटकतात आणि म्हणतात, "काय हो, दरबारी गवयाचे चिरंजीव तुम्ही, आणि फटफट्यांची शर्यत पाहायला गेला होता म्हणे!" मी हसतो आणि पुढे जातो. रस्त्यात उभ्या उभ्या सांगण्याजोगी ती हकीकत नाही. आज ती सविस्तर सांगावी म्हणतो, कारण तिच्यात शर्यतीइतकाच आमच्या घरचाही एक प्रश्न गुंतलेला होता.

घरची माहिती थोडक्यात देतो. माझे आजोबा शिंदे सरकारच्या दरबारी गात, आणि वडील लहानपणापासून त्यांच्यामागे तंबोऱ्याला बसत. १९४८ साली ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झाले तेव्हा वडिलांचे नाव नुकतेच दरबारच्या पगारपत्रकावर चढलेले होते, वय सोळा. पुढचा सगळा जन्म त्यांनी गाणे शिकवण्यात घालविला. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. माझा गळा बेताचा, म्हणून मीही मास्तरच झालो. वडिलांना खरी आशा होती ती नातवाची, म्हणजे माझ्या ताईच्या मुलाची. सहाव्या वर्षापासून त्यांनी त्याला पुढ्यात घेतले. पोराचा कान असा, की शेजारच्या वाड्यातली पेटी किंचित बेसूर असली तरी तो जेवणावरून उठे. वडील २०१४ साली गेले. पोरगा सतराव्या वर्षी गाणे सोडून एका गॅरेजात जाऊन बसला. मी त्याच्याशी भांडलो, मग अबोला धरला. अबोला कसला! सणावारी भेटलो की "काय, बरं आहे ना?" एवढेच. अशी सहा वर्षे गेली.

२०२३ च्या सप्टेंबरात गौरी जेवायला ताईकडे गेलो होतो. शुक्रवार होता, २२ तारीख. पुरणपोळ्या झाल्यावर ताईने मला माजघरात बोलावले. "हा उद्या पहाटे दिल्लीकडे शर्यत बघायला निघालाय. अकरा फटफट्या निघणार आहेत. बघण्यापुरतं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण आता म्हणतो, मीच शर्यतीत उतरणार. तू बरोबर जा. वाटेत चार शब्द सांग. बाबांच्या मागे तुझंच ऐकेल तो."

माझे तो ऐकत असता तर गॅरेजात कशाला गेला असता? पण ताईपुढे काय बोलणार! बाहेर येऊन भाच्याला म्हणालो, "मला नेशील का रे बरोबर?" तो चमकला. मग आत जाऊन एक जादा हेल्मेट घेऊन आला आणि स्वतःच्या हाताने माझ्या हनुवटीखाली पट्टा आवळून दिला. एवढ्या वर्षांत त्याचा हात प्रथमच मला लागला.

पहाटे साडेचारला महाराजबाड्यावर सगळे जमले. सर्वांच्या पुढे एक अनुभवी गडी, मागे नऊ जण, आणि अगदी शेवटी आम्ही. भाचा एवढा जाणता, त्याला शेपटाला का ठेवले याचे मला मनातून वाईट वाटले. चहाला थांबलो तेव्हा कळले, की अशा ताफ्यात सर्वांत भरवशाचा माणूस मुद्दाम शेवटी ठेवतात. कोणाचे काही बिघडले, कोणी मागे पडला, तर पाहायचे त्याने. बाकीचे एकामागे एक सरळ रेषेत चालत नाहीत. एक रस्त्याच्या डाव्या अंगाला, त्याच्या मागचा उजव्या अंगाला, अशी नागमोडी रचना ठेवतात, म्हणजे पुढचा एकदम थांबला तरी मागच्याला जागा राहते. दोघांत दोन सेकंदांचे अंतर. खड्डा आला की पुढचा पाय बाहेर काढून दाखवतो, आणि ती खूण ओळीतून शेवटपर्यंत येते. कोणी कोणाला ओलांडायचे नाही. आमच्या बैठकीत याहून फारशी वेगळी शिस्त नसते. तंबोऱ्यावाल्यालाही लोक मागे बसलेला म्हणूनच ओळखतात.

मुरेना मागे टाकून चंबळेच्या पुलावर आलो तेव्हा झुंजुमुंजू झाले होते. पाऊस नुकताच सरलेला, नदी दुथडी. उन्हाळ्यात उघडीवाघडी, मातकट दिसणारी ती खोरी हिरवीगार झाली होती आणि त्यांच्या घळींतून धुके वर येत होते. आमच्या लहानपणी चंबळ म्हटली की दरोडेखोर आठवत. आता शहाणी माणसे मगरी आणि सुसरी पाहायला येतात. पुलावरून फटफट्या गेल्या तेव्हा अकराही यंत्रांचा आवाज खालच्या पाण्यावर आपटून परत आला. मागच्या बैठकीवर बसलेल्याला करण्यासारखे काही नसते, म्हणून मी तो आवाज ऐकत राहिलो.

आपण या वाहनाला फटफटी म्हणतो ते त्याच्या आवाजावरूनच. भाच्याचे यंत्र एका सिलिंडरचे. जागेवर उभे असताना ते सेकंदाला आठेक ठोके टाकते. ते मोजता येतात, त्यांना आपण लय म्हणू. हमरस्त्यावर ताशी ऐंशीने धावू लागले की तेच ठोके सेकंदाला तीसच्या घरात जातात, आणि मग ठोका वेगळा ऐकू येत नाही. कानाला खर्जातला एक भरडा सूर ऐकू येतो. सेकंदाला सुमारे वीस ही ती सीमा आहे. अलीकडे लय, पलीकडे सूर. विद्यार्थ्यांना हे मी वीस वर्षे फळ्यावर सांगत आलो. अनुभवाला आले ते धौलपूरच्या अलीकडे, पाठीचा कणा खिळखिळा होत असताना.

आग्र्यापुढे यमुना द्रुतगती मार्ग लागला. काँक्रीटचा हा सरळसोट रस्ता १६५ किलोमीटर आहे. त्याविषयी एवढेच सांगतो, की त्याच्यावर झोप येते आणि झोप येणे हाच त्याचा मोठा धोका. मुले दर पाऊण तासाने थांबत, तोंडावर पाणी मारत. ताईने दिलेल्या पुरणपोळ्या तिथेच संपल्या. बाकीची मुले हिंदी बोलणारी, पोळी खाऊन सर्वांनी "गुरुजी, और है क्या?" असे विचारले.

ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट या रस्त्याला लागूनच आहे. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे तिथे फॉर्म्युला वन मोटारींची शर्यत झाली. त्यानंतर दहा वर्षांनी तिथे जगातल्या सर्वांत वेगवान मोटारसायकली आल्या होत्या. मोटोजीपी ही जागतिक अजिंक्यपदाची शर्यत भारतात प्रथमच होत होती. सुमारे पाच किलोमीटरचा वळणावळणांचा मार्ग, तेरा वळणे आणि एक लांबलचक सरळ पट्टा. शनिवारी छोटी शर्यत, रविवारी मोठी. शनिवारी पावसाची जोरदार सर येऊन गेल्याने शर्यत उशिरा सुरू झाली.

ती पहिली सुरुवात मी विसरणार नाही. बावीस-तेवीस यंत्रे एकदम सुटली. आवाज कानाने ऐकण्याआधी छातीने ऐकला. मिनिटाला अठरा हजार फेरे म्हणजे सेकंदाला तीनशे. चार सिलिंडर, त्यांतले प्रत्येक दोन फेऱ्यांत एकदा पेटते. म्हणजे सेकंदाला सहाशे ठोके. आणि ते समोरून येताना चढे असलेले, पुढून गेल्याबरोबर एकदम खाली घसरतात. मंडपात बसून मी त्या घसरणीचे मोजमाप करीत होतो. येतानाचा सूर आणि जातानाचा सूर यांत पंचमापेक्षा किंचित अधिक अंतर पडत होते. वेग ताशी पावणेतीनशेच्या आसपास असला की गणितानेही तेवढेच येते. पाठीमागच्या लांब पट्ट्यावर वेग त्याहून कितीतरी अधिक, तिथे हीच मींड धैवताच्याही पलीकडून उतरत असणार. भाच्याला हे सांगितले तर तो म्हणाला, "मामा, मी लहानपणी हेच आजोबांना विचारलं होतं. आगगाडीची शिट्टी जाताना का उतरते म्हणून." वडिलांनी काय सांगितले होते, ते त्याने सांगितले नाही, मी विचारलेही नाही.

त्या यंत्रांचा आवाज नितळ का लागत नाही, हे मात्र त्याने मला शिकविले. ठोके समान अंतराने पडू देत नाहीत. काही जवळजवळ टाकतात आणि मध्ये मोकळी जागा सोडतात. त्या मोकळ्या जागेत मागचे टायर जमिनीवरची पकड पुन्हा सावरते. नाहीतर वळणावर सरळ घसरत जाईल. मी म्हटले, "म्हणजे खाली!" तालात खाली नसेल तर सम कळत नाही, हे त्याला समजावून सांगावे लागले नाही. तो हसून "हो, खालीच," म्हणाला.

त्या शनिवारी पहिल्याच वळणावर लुका मारिनी आपल्याच चमूतल्या मार्को बेझेक्कीवर आदळला. मारिनीचे गळपट्टीचे हाड मोडले. बेझेक्की अगदी मागे पडला आणि तिथून एकेकाला गाठत पाचवा आला. पहिला आला तो होर्हे मार्टिन. मला ताईचे शब्द आठवत होते. भाच्याला म्हटले, "पाहिलंस ना?" तो म्हणाला, "पाहिलं. तुम्हीही पाहा." आणि त्याने मला दाखविले, की पडणारा माणूस घसरत जाईल तिथे भिंत नाही, खडी पसरलेली आहे, दर थोड्या अंतरावर झेंडा घेतलेला माणूस उभा आहे, वैद्य आणि रुग्णवाहिका तयार आहेत, आणि स्वारांच्या कातडी पोशाखात हवेची पिशवी असते, ती तोल गेल्याक्षणी, जमिनीला लागण्याआधी फुगते. २०१८ पासून ती सक्तीची आहे. "आपण सकाळी आलो तो रस्ता आठवा, मामा. तिथे उलट्या बाजूने ट्रॅक्टर येत होते."

रविवारी ऊन असे तापले, की शर्यतीचे २४ फेरे कमी करून २१ करण्यात आले. लहान यंत्रांच्या वर्गात के. वाय. अहमद हा आपला तरुण उतरला होता. त्याचे नाव पुकारले तेव्हा माझा भाचा उठून उभा राहिला आणि बराच वेळ बसला नाही. पुढे मुख्य शर्यतीत बेझेक्की सुटला तो सुटलाच. आदल्या दिवशी धुळीत गेलेला हा मुलगा आठ सेकंदांहून अधिक अंतराने जिंकला. त्याचे चालविणे पाहून मला आश्चर्य वाटले ते याचे, की तो घाईत दिसत नव्हता. अजिंक्यवीर बान्याया दुसऱ्या जागेवर असताना घसरून बाद झाला. मार्टिन दुसरा आला, पण उन्हाने त्याच्या अंगातले पाणी पार आटले होते. यंत्रावरून उतरल्यावर तो कोसळला.

तो पडलेला पाहून मला आमच्या घराण्याची एक आख्यायिका आठवली. ग्वाल्हेरचे हस्सू खाँ यांनी भर दरबारात ईर्ष्येने कडक बिजलीची तान घेतली, बरगडी सरकली, तोंडातून रक्त आले, आणि त्यातच ते गेले, असे सांगतात. लहानपणी ही गोष्ट मी वडिलांकडून किती वेळा ऐकली असेल! आम्ही ती अभिमानाने ऐकायचो. त्या वेळी हस्सू खाँच्या आईला काय वाटले असेल, असे कोणाच्या मनात आले नाही. गवई गाण्यापायी गेला तर ती आख्यायिका होते, आणि भाचा शर्यतीत उतरतो म्हटले की आम्ही घाबरतो. दोन्हींतले कोणते बरोबर, हे मला त्या मंडपात बसून ठरविता येईना. ताईने सांगितलेले चार शब्द त्या रात्रीही माझ्या तोंडून निघाले नाहीत.

सोमवारी सकाळी परत निघालो. आग्र्याजवळ टोलनाक्यावरून ओळ सावकाश बाहेर पडत असताना भाच्याने एकाएकी भोंगा वाजवून सर्वांना थांबविले. आमच्या पुढच्या गाडीचे मागचे चाक त्याला संशयास्पद वाटत होते. मला काही कळले नव्हते, गाडीवाल्यालाही नाही. भाचा म्हणाला, "घरघर आहे. एक्सिलरेटर सोडला तरी उतरत नाही, चाकाबरोबर चढते-उतरते. म्हणजे इंजिन नव्हे, बेअरिंग." गाडी स्टँडवर उभी करून त्याने चाक हाताने आडवे हलविले, ते लुळ्या दातासारखे हलले. तसेच आणखी पन्नास कोस गेलो असतो आणि वेगात चाक अडकले असते तर काय झाले असते, ते त्या मुलाच्या चेहऱ्यावर दिसत होते. आग्र्यातून बेअरिंग आणून बसवीपर्यंत दोन तास गेले. भाचा रस्त्याच्या कडेला मांडी घालून काम करीत होता. मान किंचित डावीकडे कललेली, डोळे अर्धे मिटलेले. वडील तंबोरा लावताना असेच बसत. मी उठून दूर जाऊन उभा राहिलो.

नूराबादेपुढे हमरस्ता सोडून डावीकडे वळलो, कारण मुलांना आडवाटेने जायचे होते. ज्यांनी आपल्या ग्वाल्हेरजवळचा हा टापू पाहिला नसेल त्यांनी पावसाळा सरता सरता जरूर जावे. बटेश्वरला टेकडीच्या पायथ्याशी शेकडो वर्षांपूर्वीची लहान लहान देवळे आहेत. ती सगळी कोसळून दगडांचे ढीग झाले होते. पुरातत्त्व खात्याने २००५ पासून दगडाला दगड जुळवून त्यांतली ऐंशीच्या आसपास पुन्हा उभी केली. कोणता दगड कोणत्या देवळाचा, हे कोणी कसे ओळखले असेल! पुढे मितावलीच्या टेकडीवर चौसष्ट योगिनींचे गोल मंदिर. दिल्लीचे जुने संसद भवन त्यावरून सुचले असे लोक म्हणतात. मुले पायऱ्या चढून फोटो काढू लागली. आम्ही मामा-भाचे ओसरीत टेकलो.

मी घसा खाकरला. तेवढ्यात तोच म्हणाला, "मामा, आजोबांचा तंबोरा तुम्ही अर्धा सूर उतरवलात ना? परवा गौरीपुढे म्हणालात तेव्हा कळलं."

ते खरे होते. चाळिशीनंतर माझा आवाज उतरला, म्हणून वर्षभरापूर्वी मी गुपचूप पट्टी खाली आणली होती. दर महिन्याला फी देणाऱ्या माझ्या एकाही विद्यार्थ्याला ते कळले नव्हते. मी म्हटले, "उतरवला. आता वरची पट्टी झेपत नाही." तो म्हणाला, "छान लागलाय पण." थोड्या वेळाने त्याने आपण होऊनच सांगितले, की पुढच्या वर्षी नवशिक्यांच्या वर्गात नाव द्यायचे आहे, पैसे साठवले आहेत, परवान्याची माहिती काढली आहे, फक्त आईला कोण सांगणार ते ठरत नाही.

ते मी सांगितले. त्या रात्री ताईच्या स्वयंपाकघरात बसून जे पाहिले ते सगळे सांगितले: मारिनीचे हाड, मार्टिनची भोवळ, खडी, झेंडेवाले, हवेची पिशवी आणि टोलनाक्यावरचे चाक. "तो रोज हमरस्त्यावर जातो त्याची तुला भीती वाटत नाही, आणि याची वाटते," असेही म्हणालो. ताई एवढेच म्हणाली, "तुला समजावायला पाठवलं होतं."

पुढचेही सांगायला हवे. २०२४ ची मोटोजीपी भारतात व्हायची होती, ती रद्द झाली. भाचा मात्र त्या वर्षी दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर उतरला. पहिल्या शर्यतीत मागून तिसरा आला. दुसरीत स्वतःच्याच चुकीने वळणावर पडला, आणि त्याचेही नेमके गळपट्टीचेच हाड मोडले. ताई माझ्याशी तीन आठवडे बोलली नाही. मला तिची बाजू चुकीची वाटली नाही. त्या तीन आठवड्यांत मलाही रात्री झोप लागत नव्हती, आणि मी चूक केली की नाही, याचे उत्तर आजही माझ्यापाशी नाही.

हाड जुळेपर्यंत भाच्याला गॅरेज बंद होते. एके संध्याकाळी हात गळ्यात बांधलेला, असा तो माझ्या वर्गात येऊन मागे बसला. मुले गात होती. मध्येच तो उठला, चांगल्या हाताने तंबोऱ्याच्या जोडीच्या तारेचा मणी केसभर सरकवला आणि पुन्हा जाऊन बसला. हात बरा झाल्यावर तो परत ट्रॅकवर गेला. पण दर गुरुवारी, ग्वाल्हेरात असला की, येतो. गात नाही. तंबोरा लावून देतो आणि जातो.